थंडीआधी हिरवळीची मशागत

पावसाळा सरता सरता बंगल्यापुढची हिरवळ वर्षातील सर्वांत देखणी दिसते. चार महिने आभाळाने पाणी घातलेले असते, धूळ धुऊन गेलेली असते आणि वाढ इतकी दाट असते की मधले तणही हिरव्या रंगात खपून जाते. साहजिकच या दिवसांत हिरवळीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मग ऑक्टोबरचे ऊन तापू लागते, कडेचे गवत पिवळे पडते आणि घरमालक दोन उपाय हाती घेतो. रोज संध्याकाळी नळी धरून पाणी आणि जोडीला मूठ-दोन मुठी युरिया. आठ-दहा दिवसांत रंग परततो, उपाय लागू पडल्याचे समाधानही मिळते. त्याची किंमत मोजावी लागते ती मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा हेच गवत दोन दिवस पाणी चुकले तरी करपते, कारण त्याची मुळे वरच्या दोन इंचांतच घोटाळत राहिलेली असतात.

ही किंमत पाण्यात मोजून पाहण्यासारखी आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ५०० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटरची हिरवळ आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी पीत असेल, तर तिला साडेअकराशे लिटर लागतात. दिवसाला हे प्रमाण १६५ लिटरच्या आसपास पडते. मलनिस्सारणाची व्यवस्था असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी पुरवावे, असा मापदंड आपल्याकडे नियोजनासाठी धरला जातो. म्हणजे बेताची हिरवळसुद्धा घरातल्या एका माणसापेक्षा जास्त पाणी पिते. एप्रिल-मेमध्ये ज्या वसाहतींत टँकर येतात, तेथे ही बाब केवळ शोभेची राहत नाही. उन्हाळ्यात त्या हिरवळीला किती पाणी लागणार, हे बऱ्याच अंशी पाऊस संपल्यापासून थंडी पडेपर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांत ठरून जाते.

परदेशी सल्ला आणि देशी गवत

बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत 'शरदातील हिरवळ' या विषयावर हमखास एक प्रकरण असते. पडलेली पाने गोळा करा, नवे बी पेरा, वर्षातील मुख्य खत याच वेळी द्या, असे त्यात सांगितलेले असते. अमेरिकेत न्यू जर्सीत राहणारे नातेवाईकही तेच सांगतात आणि त्यांच्यापुरते ते बरोबर असते. तिकडची हिरवळ ब्लूग्रास, फेस्क्यू, राय अशा थंड हवेच्या गवतांची असते. ही गवते उन्हाळ्यात दमतात आणि शरदात पुन्हा जोम धरतात. तिथेही मोकळीक बेताचीच आहे. न्यू जर्सीच्या २०११ सालच्या कायद्याने घरमालकांना १५ नोव्हेंबरनंतर १ मार्चपर्यंत हिरवळीला खत घालण्यास मनाई केली. गारठलेल्या गवताला न लागलेले खत वाहून ओढ्या-तळ्यांत जाते, हे त्यामागील कारण.

महाराष्ट्रातील घरगुती हिरवळ बहुतेक ठिकाणी हरळीची, म्हणजेच दूर्वांची असते. भाद्रपदात गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा आणि जगभरच्या गोल्फ मैदानांवर पसरलेले 'बर्म्युडा ग्रास' ही वनस्पती एकच. रोपवाटिकांत 'सिलेक्शन वन' वगैरे नावांनी विकले जाणारे प्रकारही याच कुळातील. 'मेक्सिकन' किंवा 'कोरियन' म्हणून मिळणारे, पायाला टोचणारे दाट गवत बहुधा झॉयसिया या प्रजातीतले असते. ही सारी उष्ण हवेची गवते होत. दिवसा तीस अंशांच्या आसपास तापमान आणि मुबलक ऊन मिळाले की ती धावत सुटतात. रात्रीचा पारा पंधरा अंशांखाली उतरू लागला की त्यांची वाढ मंदावते आणि जमीनच दहा अंशांपर्यंत गार झाली तर ती झोपी जातात.

मुंबई, ठाणे, पणजी येथे अशी झोप जवळपास येतच नाही. पुणे, नाशिक, नागपूरला डिसेंबर-जानेवारीत ती अर्धवट लागते. दिल्ली-चंडीगडच्या हिरवळी मात्र पार तपकिरी होतात. आपल्याकडे शरद म्हणजे पानगळही नव्हे. आश्विन-कार्तिकात झाडे भरगच्च असतात, पाने गळतात ती शिशिरात. तेव्हा पाने गोळा करण्याचे काम माघ-फाल्गुनापर्यंत लांबणीवर टाकायला हरकत नाही. नवे बी पेरण्याचा खटाटोप तर आपल्या हवेत या दिवसांत करूच नये.

मग करायचे काय? पाऊस थांबल्यानंतर जमीन अजून उबदार असते, ऊन भरपूर असते आणि दिवस लहान होत जाताना ही गवते आपले अन्न जमिनीलगतच्या धावत्या खोडांत व भूमिगत कांड्यांत साठवू लागतात. मुळे खोल नेण्याची आणि साठा भरण्याची संधी याच काळात असते. पात्यांना खुलवणारा प्रत्येक उपाय या साठ्याला कात्री लावतो, हे लक्षात घेतले की पुढील बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

वाफशाची वाट पाहावी

भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमन-निर्गमनाच्या सरासरी तारखा सुधारल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर झाली. घटस्थापनेच्या सुमारास पाऊस संपलाच, असे धरून चालणाऱ्यांनी हा बदल ध्यानात ठेवावा. हिरवळीच्या कामाचा मुहूर्त तारखेवर ठरत नाही, तो जमिनीवर ठरतो. शेतकऱ्याच्या भाषेत ज्याला वाफसा म्हणतात, तो यायला हवा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की तो फुटावा. गोळा चिकट राहिला तर जमीन अजून ओली आहे, बनलाच नाही तर उशीर झाला आहे.

वाफशावर करायचे पहिले काम म्हणजे जमीन टोचणे. चार महिन्यांच्या पावसाच्या माराने आणि ओल्या जमिनीवरच्या वर्दळीने मातीचा वरचा थर दडपून जातो. काळ्या मातीत हे अधिक होते. त्यातच आश्विनातली कोजागरी येते. सोसायटीच्या हिरवळीवर सतरंज्या पडतात, पन्नास-साठ माणसे मध्यरात्रीपर्यंत बसतात, मुले धावतात. दूध आटते तसे खालची मातीही आवळत जाते. दडपलेल्या मातीत हवा राहत नाही आणि हवा नसेल तेथे मूळ जात नाही. खात्री करून घ्यायची असेल तर लांब पेचकस जमिनीत दाबून पाहावा. ओलसर जमिनीतही तो बोटभर जाऊन अडत असेल, तर पाणी आणि मुळेही तेथेच अडत आहेत.

टोचण्यासाठी बागकामाचा चार दातांचा मजबूत लोखंडी काटा पुरतो. तो नसल्यास टोकदार सळईवर काम भागते. दर वीतभर अंतरावर काटा चार इंच खोल रोवावा, किंचित हलवावा आणि सरळ वर काढावा. माती उलटवायची नाही, केवळ भोके पाडायची. ५०० चौरस फुटांना एका माणसाची एक सकाळ लागते आणि दुसऱ्या दिवशी त्याची कंबर बोलते. वर्षातून एकदा एवढेच पुरे.

भोके पडल्यावर त्यांत काही भरले तर ती टिकतात. त्यासाठी चाळलेले, पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत अर्धा सेंटिमीटर जाडीने पसरावे आणि खराट्याने आत लोटावे. गवताची पाती वर दिसत राहिली पाहिजेत. ५०० चौरस फुटांना यासाठी सुमारे आठ घनफूट, म्हणजे सिमेंटची सहा-सात पोती भरतील इतके खत लागते.

येथे एका रूढ पद्धतीला विरोध करणे भाग आहे. दिवाळीच्या आगेमागे ट्रॉलीभर लाल माती आणि शेणखत आणून हिरवळीवर इंचभर थर देण्याची चाल अनेक बंगल्यांत आहे. दर वर्षीच्या या थरांनी हिरवळ पायवाटेपेक्षा उंच होत जाते. त्याहून वाईट म्हणजे काळ्या मातीवर लाल मातीचा वेगळ्या पोताचा थर बसला की पाणी दोहोंच्या सांध्याशी थबकते आणि मुळेही वरच्याच थरात रमतात. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर तणांचे बी येते आणि हुमणीच्या अळ्याही येऊ शकतात. चिकण जमीन हलकी व्हावी म्हणून दोन घमेली वाळू मिसळण्याचाही उपयोग नाही. थोडी वाळू आणि पुष्कळ चिकणमाती यांच्या मिश्रणातून जमीन मोकळी न होता विटेसारखी घट्ट होते.

गवताच्या बुडाशी मेलेल्या काड्यांचा जाड थर साचला असेल तर तो दाताळ्याने हलकेच मोकळा करावा. तो खरडून काढण्याचे काम मात्र आता नको. त्यात गवताला ज्या जखमा होतात त्या भरून यायला जोमाची वाढ लागते आणि ती आता ओसरत चाललेली असते. फेब्रुवारीअखेर किंवा पावसाच्या तोंडावर ते काम करावे.

खत : थोडे आणि वेळेत

पावसाने नत्र वाहून गेलेले असते, त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यावर खताचा एक हलका हप्ता देणे योग्यच आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. एक चौरस मीटरला अडीच ग्रॅम नत्र या वेळी पुरेसे होते. युरियात ४६ टक्के नत्र असते. त्या हिशेबाने ५०० चौरस फुटांना युरिया लागतो अवघा पाव किलो. प्रत्यक्षात किलो-दीड किलो सहज उधळला जातो, कारण एवढासा युरिया मोठ्या जागेवर हाताने सारखा पसरणे अवघड असते. पाच-सहा किलो कोरड्या चाळलेल्या मातीत तो मिसळून, निम्मा उभा आणि निम्मा आडवा फेकला की प्रश्न सुटतो. पाती कोरडी असतानाच फेकावा, कारण दवाने भिजलेल्या पात्याला चिकटलेला दाणा तेथे जळका ठिपका सोडतो. पाठोपाठ पाणी द्यावे. निंबोळी पेंड वापरणाऱ्यांना घाई करायची नसते. ती सावकाश लागू पडते, म्हणून पंधरा दिवस आधी घालावी.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर पुणे-नाशिकसारख्या ठिकाणी नत्र बंद करावे. उशिरा दिलेल्या नत्राने कोवळी, पाणीदार पाती फुटतात. त्यासाठी लागणारे अन्न साठ्यातून उचलले जाते आणि ती पाती थंडीला व बुरशीला लवकर बळी पडतात. माळी हे जाणत नाहीत असे नाही. पण घरमालकाला रंग हवा असतो, माळ्याला काम टिकवायचे असते आणि युरियाचे पोते दोघांनाही सोयीचे वाटते.

थंडीआधी पालाश द्यावे, ही शिफारस सर्वत्र वाचायला मिळते. पालाशाने पेशी काटक होतात हे खरे आहे. मात्र दख्खनच्या काळ्या जमिनीत उपलब्ध पालाश सामान्यतः भरपूर असते, तेथे ते वरून ओतणे म्हणजे पैसे मातीत घालणे. कोकणातील जांभ्या जमिनीची आणि बाहेरून आणलेल्या भरावाच्या मातीची गोष्ट निराळी. त्यांत पालाश बेताचेच असते. नेमके कळण्यासाठी मातीपरीक्षणासारखा दुसरा मार्ग नाही. कृषी महाविद्यालये, कृषी विज्ञान केंद्रे आणि शासकीय प्रयोगशाळा ते करून देतात. चार-पाच ठिकाणची, मुळांच्या खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना द्यायचा असतो.

पिवळेपणा दिसला की तो नत्राच्या अभावाचाच, हाही एक गैरसमज. नत्र कमी पडले की आधी जुनी, खालची पाती पिवळी होतात. नवी पाती पिवळी पडत असतील आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहत असतील, तर लोह कमी पडते आहे असे समजावे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हे नेहमी आढळते. लोह मातीत असते, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. येथे युरिया घातल्याने काहीच साधत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून उन्हे कलल्यावर पात्यांवर फवारली तर आठवड्याभरात रंग बदलतो. तेवढे फवारे शेजारच्या शहाबादी फरशीवर जाऊ देऊ नयेत, गंजाचे डाग पक्के बसतात.

पाणी खोल, पण विरळ

सगळ्यात जास्त नुकसान होते ते पाणी देण्याच्या पद्धतीने. रोज शिंपडलेल्या पाण्याने वरची इंचभर माती ओली राहते. मुळाला खाली जाण्याचे कारणच उरत नाही. वास्तविक मोकळी जमीन मिळाली तर हरळीची मुळे दोन-तीन फूट खोल जातात. शेतात ती उपटून दमलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. हिरवळीतील हरळी नाजूक असते असे नाही, ती लाडावलेली असते.

एका वेळी वीस मिलिमीटर पाणी द्यावे आणि मग जमीन सुकू द्यावी, हे साधे सूत्र. ५०० चौरस फुटांना वीस मिलिमीटर म्हणजे सुमारे ९३० लिटर. नळीने पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर हे पाणी द्यायला तासभर लागतो. तुषार सिंचन असेल तर हिरवळीवर ठिकठिकाणी सरळ कडांचे स्टीलचे डबे ठेवून पट्टीने पाण्याची उंची मोजावी. एका कोपऱ्यातील डबा भरतो आणि दुसऱ्यात जेमतेम तळ ओला होतो, हे पाहून अनेकांना धक्का बसेल. काळ्या मातीत पाणी मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटर एवढाच असतो. तेव्हा वीस मिलिमीटर एकदम न देता मधे विश्रांती घेत, गरज पडल्यास दोन दिवसांत विभागून द्यावे. वाहून गटारात जाणारे पाणी हिरवळीच्या खात्यात जमा होत नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात अशी पाळी सहा-सात दिवसांनी येते, नोव्हेंबरमध्ये आठवड्याहून थोडी लांबते आणि डिसेंबर-जानेवारीत दहा-बारा दिवसांनी दिली तरी चालते. प्रत्येक वेळचे पाणी तेवढेच, फक्त मधले अंतर वाढवायचे. परतीच्या पावसाची जोरदार सर आली तर ती एक पाळी धरावी. तहान लागली की गवत स्वतः सांगते. त्याचा रंग निळसर-करडा होतो, पाती मिटतात आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहतात. ही खूण दिसेपर्यंत थांबण्याचे धैर्य मात्र हवे. डिसेंबर महिन्यात या रीतीने तीन पाळ्यांना २,८०० लिटर लागतात. रोज अर्धा तास नळी धरणाऱ्या घरी त्याच महिन्यात साडेतेरा हजार लिटर जातात. फरक दहा हजार लिटरच्या एका टँकरहून मोठा आहे.

पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी भिजलेल्या पात्यांवर रात्री दव पडले की ती बारा-चौदा तास ओली राहतात आणि बुरशीला एवढा अवधी पुरतो. नोव्हेंबरमध्ये हिरवळीवर रुपयाच्या नाण्याएवढे फिकट ठिपके किंवा हातभर रुंदीची तपकिरी वर्तुळे दिसली, तर औषध आणण्यापूर्वी पाण्याची वेळ बदलून पाहावी. बऱ्याचदा तेवढ्यानेच आजार आटोक्यात येतो.

मोठ्या गृहसंकुलांत हिरवळीसाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी वापरले जाते. पिण्याचे पाणी वाचवण्याचा हा उत्तम मार्ग आहे आणि हरळी थोडा खारेपणा सहन करते. पण या पाण्यातील क्षार पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांत मातीत साचत जातात. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत तर वरती पांढुरकी पापडी धरते. अशा ठिकाणी जमीन टोचण्याचे काम टाळून चालत नाही, कारण पुढल्या पावसाला ते क्षार धुऊन खाली न्यायला वाट हवी.

यंत्राचे पाते आणि गवताची उंची

गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडमधील एडविन बडिंग यांनी बनवले. त्याचे पेटंट १८३० सालचे. कापडगिरणीत कापडावरची लव भादरणाऱ्या यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली. कापडाची लव पुन्हा उगवायची नसते, गवताला मात्र उगवावे लागते. गवत कापणाऱ्यांना ही गोष्ट अनेकदा आठवत नाही.

जितके पाते उंच तितके मूळ खोल, असा ढोबळ नियम आहे. पात्यात अन्न तयार होते, तेच खाली जाते. हरळीची हिरवळ एरवी एक ते दीड इंचावर राखली जाते. ऑक्टोबरच्या मध्यापासून ती अर्ध्या इंचाने उंच ठेवावी. पावसात वाढून वीतभर झालेले गवत एका दमात खाली आणू नये. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचे नाही आणि दोन कापण्यांत पाच-सहा दिवस जाऊ द्यायचे. दाट गवताचा खालचा भाग बिनपानांचा, काडीसारखा असतो. तो एकदम उघडा पडला की हिरवळ रातोरात पिवळी दिसते आणि मग पुन्हा युरियाचे पोते बाहेर निघते.

कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी पात्यांची टोके पांढुरकी, चिंधडलेली दिसली तर यंत्राला धार नाही. धारेला फार खर्च येत नाही. बोथट यंत्राने झालेल्या जखमांतून मात्र पाणी उडते आणि बुरशी शिरते. कापलेल्या बारीक पात्यांचा सडा उचलून फेकण्याचीही गरज नसते. तो आठवड्याभरात विरतो आणि गवताने घेतलेले नत्र जमिनीला परत मिळते. जाड ढीग पडले तर तेवढे पसरून द्यावेत.

हुमणी आणि लव्हाळा

पाणी, खत सारे ठीक असूनही हिरवळीचा एखादा पट्टा सुकत असेल, तर त्या जागी गवत मुठीत धरून ओढून पाहावे. सतरंजीसारखे ते अलगद उचलले गेले, तर खाली हुमणी आहे. इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची ही अळी उसाच्या शेतकऱ्यांची जुनी वैरीण. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यांभोवती घोंघावणारे तपकिरी भुंगेरे तिचेच प्रौढ रूप. मातीत घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या पावसाळाभर मुळे खातात. त्या सर्वांत मोठ्या आणि खादाड होतात त्या नेमक्या पावसाच्या शेवटी. सुकणाऱ्या पट्ट्याच्या कडेला एक चौरस फूट गवत तीन बाजूंनी कापून उलटावे आणि मोजावे. एक-दोन अळ्यांनी घाबरून जाऊ नये. पाच-सहा किंवा जास्त निघाल्या तर त्या वेचाव्यात आणि मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी कुजलेल्या खतातून मिसळावी. ती काम करते ओलाव्यात, त्यामुळे कोरड्या जमिनीत टाकून उपयोग नाही. साळुंक्या आणि बगळे हिरवळीवर चोची मारताना दिसले तर त्यांना हुसकावू नये.

तणांमध्ये आंबुटी, केना, घोळ ही मंडळी बी धरण्यापूर्वी खुरप्याने काढली की वर्षभराचा त्रास वाचतो. गाजरगवताचे रोप दिसताच हातमोजे घालून मुळासकट उपटावे. परदेशातून आलेल्या या तणाची भारतातील पहिली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. त्याचे परागकण आणि नुसता स्पर्शही अनेकांना ॲलर्जी देतो. खरा चिवट शत्रू लव्हाळा. जगातील सर्वांत उपद्रवी तणांच्या यादीत त्याला शास्त्रज्ञांनी पहिले स्थान दिले होते. तो वरून उपटला की जमिनीत राहिलेल्या गाठींना उलट फुटण्याचे निमित्त मिळते. वाफशावर खुरपे खोल घालून गाठीसह काढणे आणि पुढल्या फुटव्याला दुसरे-तिसरे पान येताच पुन्हा काढणे, एवढाच घरगुती इलाज आहे. सरसकट तणनाशक मारण्याचा सल्ला मिळाला तर तो ऐकू नये, त्याने लव्हाळ्याबरोबर हिरवळही जाते.

दिवाळी आणि सावली

दिवाळीत हिरवळीवर फटाके उडवणे, पणत्यांचे तेल सांडणे, मांडव घालणे हे चालतेच. मांडवाखालचे किंवा जाजमाखालचे गवत दोन दिवस सहन करते, नंतर पिवळे पडू लागते. जाजम रात्री गुंडाळून ठेवले तर बरेच नुकसान टळते. फटाक्याने जळालेल्या जागेची राख खरवडून भरपूर पाणी द्यावे. बाजूच्या धावत्या फांद्या ती जागा भरून काढतात, मात्र थंडीत त्यांना दोन महिने लागू शकतात.

सावलीचा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर भर माध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर असतो. तीस फूट उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेकडे सत्तावीस फूट पडते. जून महिन्यात उन्हात न्हाणारी घराच्या उत्तरेची हिरवळ नोव्हेंबर ते जानेवारी दिवसभर अंधारात असते. हरळीला रोज किमान सहा तास थेट ऊन लागते. ते नसेल तर कोणतेही खत त्याची जागा घेऊ शकत नाही. अशा पट्ट्यात गवत उंच ठेवावे, पाणी निम्म्यावर आणावे आणि वावर बंद ठेवावा. आंब्याच्या दाट छायेत किंवा दोन भिंतींच्या बोळकांडीत जेथे दर वर्षी नवे गादीगवत आणून अंथरावे लागते, तेथे हिरवळीचा हट्ट सोडलेला बरा. नेचे, स्पायडर लिली किंवा सरळ खडी आणि चार कुंड्या त्या जागी शोभतात आणि पाणीही नावापुरतेच घेतात. हिरवळ हवी तेवढीच, जेथे कोणी बसते-खेळते तेथेच ठेवली, तर तिची निगाही नीट राखता येते.

इतके करूनही पुण्या-नाशिकला जानेवारीत हिरवळ थोडी फिकट दिसेलच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवाचे हिमकण होतात, तशा पहाटे गवतावर पाय ठेवू नये, गोठलेली पाती मोडतात आणि पावलांचे काळे ठसे आठवडाभर राहतात. इतरत्र फिकटपणा सोसायचा असतो. या काळात तीन आठवड्यांतून एकदा कापणी, दहा-बारा दिवसांनी पाणी आणि खताला पूर्ण सुट्टी. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रात्री उबदार होऊ लागल्या की गवताच्या कांड्यांवर नवे कोंब दिसतात. त्या वेळी गवत पुन्हा एक-दीड इंचावर आणावे, पाव किलो युरियाचा पुढला हप्ता द्यावा आणि पेचकस पुन्हा एकदा जमिनीत दाबून तो कुठवर जातो ते पाहावे.